दुखवट्याचा सिनेमा

आमच्या भावकीत कोणी गेलं, की तेरवीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सिनेमाला जातो. हे ऐकून वाशीमजवळच्या मालेगावच्या माझ्या शाळेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. हसू द्या. त्यांच्याकडे दुखवटा काढायला साडी-धोतर आणतात, गोडाचं जेवण घालतात, आणि मग सगळे पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतात. आमच्याकडे साडी येते, जेवणही होतं. पण जेवणाआधी माहेरचा माणूस सगळ्यांना वाशीमला नेऊन टॉकीजमध्ये बसवतो. तीन तास अंधारात बसून आलं की घरात कढई चढते, आणि बाया बाजारात भाजी घेऊन बसायला मोकळ्या होतात. तोवर नाही.

ही काही पोथीतली गोष्ट नाही. माझे आजोबा वारले तेव्हा आजीचा भाऊ तिला लुगडं घ्यायला वाशीमला घेऊन गेला. परतीची गाडी चुकली. बसायला दुसरी जागा नाही म्हणून दोघं टॉकीजमध्ये जाऊन बसले. काय लागलं होतं ते आजीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, पण त्या संध्याकाळी ती पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. झालं. पुढच्या वर्षी कोणी गेलं तर त्यांनाही नेलं. दोनदा केलं की आमच्याकडे त्याची रीत होते आणि तिसऱ्यांदा मोडली तर भांडण होतं.

या रीतीला अट एकच. दुखवट्याच्या सिनेमात मरण नको. आता हे आधी कळणार कसं? पोस्टरवर तर सगळे धडधाकट असतात. म्हणून कोणीतरी आधी जाऊन बघून यावं लागतं, आणि गेली अठरा-वीस वर्षं ते काम गोजराकाकूकडे होतं.

गोजराकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची, बापूरावकाकांची बायको. जऊळक्याला स्टेशनाच्या पलीकडे त्यांची दीड एकर बागायत आहे. मेथी, पालक, वांगी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी उगीच इडली शोधू नये. पहाटे तीनला उठून दोघं भाजी खुडत, जुड्या बांधत आणि पहिल्या गाडीनं वाशीम गाठत. हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपून, उरलासुरला माल गुजरीत बसून विकला की साडेअकरा वाजत. परतीची पॅसेंजर दुपारी उशिरा. भावकीत दुखवटा असला की शुक्रवारी दोघं बाराच्या शोला बसत, आणि संध्याकाळी काकू ओट्यावर बसून निकाल देई.

निकाल ऐकायला निम्मी आळी जमे. काकू उंच, हाडापेराची, आवाज सपाट. सिनेमा चांगला होता की वाईट, गाणी कशी होती, हिरोईन दिसायला कशी, असल्या भानगडीत ती पडत नसे.

"चार मरतात. चारी नालायक. चालते."

एवढ्यावर एक सिनेमा पास झाला होता. दुसऱ्या एकाचा निकाल मला अजून पाठ आहे. "बाप मरते, पन नाव पडाच्या आंधीच. निरा फोटोले हार दिसते. ज्याचा बाप गेला त्याईनं पाच मिनटं उशिरा जावा." आम्ही खरोखर पाच मिनिटं बाहेर शेंगदाणे खात उभे राहिलो आणि मग आत गेलो.

भुताचा विनोदी सिनेमा आला तेव्हा मात्र भावकीत जुंपली. भूत म्हणजे मेलेला माणूस, तेव्हा हा सिनेमा बाद, असं अर्ध्यांचं म्हणणं. तो आधीच मेलेला आहे, आपल्यासमोर थोडाच मरतो, असं बाकीच्यांचं. काकूनं दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भूत चालते. मेल्यावर घरी येते, थे वाईट कायचं?" त्या वेळी भावकीतल्याच गोमतीबाईचा मोठा मुलगा जाऊन सोळा दिवस झाले होते. तिनं तेवढी एकदा मान वर केली.

एक ऐतिहासिक सिनेमा लागला होता. शेवटच्या अर्ध्या तासात अख्खी टॉकीज हुंदके देते, पोरं उभी राहून घोषणा देतात, असं सगळीकडे गाजत होतं. काकू म्हणाली, "दुखवट्याले नाई. बाकीच्याईनं जावा. ज्याले रडाले येत नसन, त्यानं तं जावाच."

इकडच्या दोन-तीन वर्षांत मात्र तिचं काम अवघड झालं, कारण सिनेमेच तसे यायला लागले. हिरो कुऱ्हाड घेऊन निघतो आणि मध्यंतरापर्यंत गावच्या गाव झोपवतो. दक्षिणेकडचे हिंदीत केलेले तर विचारूच नका. असाच एक पाहून आल्यावर काकू ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "मोजता मोजता थकले. हाताचे बोटं झाले, पायाचे झाले, मंग जुड्या मोजल्यावानी डझनानं मोजले. पन एकाच्याई घरी रडनं नाई दाखोलं. येवढे मेले, त्याईची तेरवी कोन करन?" मी शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवते. आजकालच्या सिनेमावर याहून नेमकं बोललेलं मी पेपरातही वाचलं नाही.

कोरोनाच्या काळात टॉकीजच बंद झाल्या. त्या दोन वर्षांत आमच्या भावकीतली अकरा माणसं गेली, आणि एकाचाही दुखवटा निघाला नाही. तेरव्यासुद्धा चार माणसांत उरकल्या. घराघरात लोक नुसते बसून होते. टॉकीज उघडल्या तेव्हा अकरा घरांचे लोक एकदमच गेले, दोन काळीपिवळ्या करून. सिनेमा हसवणारा होता. काकूनं पास केलेला, एकही मरण नाही. कोणी हसलं नाही. मध्यंतरात सगळ्यांनी समोसे खाल्ले, आणि परत येऊन पुन्हा पडद्याकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर कढया चढल्या. एवढं झालं.

बापूरावकाका सिनेमाबद्दल कधी एक शब्द बोलत नसत. काकूचा निकाल सुरू झाला की ते पाण्याची मोटार चालू करायला वावरात निघून जात. लोक म्हणत, बापूराव भोळा, पण गोजरीचं काळीज दगडाचं; एवढे सिनेमे बघते आणि डोळ्याला पाणी नाही. मलाही तसंच वाटे. कोणाच्या तरी अंगात तेवढा कोरडेपणा असल्याशिवाय असली कामं होत नाहीत, असं मी माझ्या नवऱ्याला ऐकवलेलं आठवतं. मला ऐकवायची हौस आहे.

गेल्या माघात बापूरावकाका गेले. सकाळी वांग्याच्या वाफ्यात बसल्या बसल्या. वय अडुसष्ट, आजार काही नव्हता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एकाच आवाजात सांगे, "सकाळी उठले. चहा पेले. दोन टोपले वांगे तोडले. तिसऱ्याले बसले ते बसलेच." रुपाबाईसारख्या जुन्या बायांनी तिच्या गळ्यात पडून, काकांच्या एकेक गोष्टी काढून तिला रडवायचा प्रयत्न केला. त्या स्वतःच रडून दमल्या. काकूनं त्यांना पाणी दिलं.

ती रडली नाही याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही. पण ती झोपेना. काका गेले त्या दिवसापासून भिंतीला टेकून बसायची ती उजाडेपर्यंत तशीच. डोळे उघडे. गजेंद्रनं, म्हणजे तिच्या मुलानं, दवाखान्यात नेलं. गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊनही ती बसूनच राहिली. दिवसा हात चालायचे, पण कसे? एकदा तिनं मेथीच्या जुड्यांत गवत बांधून दिलं आणि हर्राशीत गजेंद्रला चार लोकांसमोर ऐकून घ्यावं लागलं. आठव्या दिवशी पाण्याच्या हौदापाशी चक्कर येऊन पडली. कपाळाला तीन टाके. विहीर तिथून वीस पावलांवर आहे.

गजेंद्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "उज्ज्वलाताई, आईले झोप लागली पायजे. नाईतं वर्षाच्या आत मले दुसरी तेरवी करा लागन. डॉक्टरबी तेच म्हनते, निरा गोड बोलून."

"रविवारी दुखवटा काढू," मेडशीचे धनराजमामा म्हणाले. हे काकूचे सख्खे भाऊ, नेण्याचा मान त्यांचा. "सिनेमा झाला का मोकळी होईन थे. सगळेच होतात."

खरं सांगायचं तर माझाही त्या सिनेमावरच भरवसा होता. दुसरं होतं काय आमच्याकडे? पण सिनेमा ठरवणार कोण? सगळ्यांनी सवयीनं काकूकडे पाहिलं.

"मले नाई माईत," ती म्हणाली.

तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं. मी शुक्रवारी आणि शनिवारी रजा टाकली आणि वाशीमला लागलेले तिन्ही सिनेमे पाहिले. एरवी मी वर्षातून दोनदा टॉकीजला जाणारी बाई. नवऱ्याचा वाढदिवस आणि शाळेच्या पोरांची सहल. माणसं मोजत सिनेमा मी कधी पाहिला नव्हता. पहिल्यात मध्यंतरापर्यंत अठ्ठेचाळीस गेले, आणि मला लाज वाटते, पण एकाचंही मला काही वाटलं नाही. उलट मोजणी चुकली म्हणून चिडचिड झाली. दुसऱ्यात पोरगी इतकी सुंदर खोकत होती की मी पंधराव्या मिनिटालाच ओळखलं, आणि तसंच झालं. शेजारचं जोडपं रडत रडत मका खात होतं.

तिसरा मराठी. म्हातारा-म्हातारीचा. दोघं सतत भांडतात, चहात साखर किती, पंखा दोनवर की तीनवर. शेवटी लेकीकडे जायला निघतात, वाटेत चुकामूक होते, आणि सापडतात. मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. एकही मरण नाही. फोटोला हारसुद्धा नाही. मला तर आनंदच झाला. घरी येऊन काकूच्या थाटात ओट्यावर बसून मी निकाल दिला. पास.

रविवारी आम्ही सात जण गेलो. काकूनं धनराजमामांनी आणलेली साडी नेसली होती, कपाळावर पट्टी. टॉकीजमध्ये शिरल्यावर कोणी सांगायच्या आत ती सरळ भिंतीकडेच्या खुर्चीत जाऊन बसली. शेजारी मी बसले, पलीकडे गजेंद्र.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर म्हातारा पलंगावर बसून ओरडला, "अगं, चहा टाकतेस ना?" आणि आतून म्हातारी म्हणाली, "टाकते हो, जीव जातोय का?"

शनिवारी हेच पाहताना मला एवढंच दिसलं होतं की म्हातारा जिवंत आहे. त्याचा चष्मा, त्याचं खोकणं, दाराशी काढलेल्या त्याच्या चपला, हे सगळं आता एकेक करून काकूसमोर येणार होतं, अडीच तास. अठ्ठेचाळीस मुडदे परवडले असते. इतकी वर्षं आमची अख्खी भावकी मरणं मोजत बसली होती, आणि मी शहाणी त्यांच्यातच. उठावं का, बाहेर न्यावं का, काय सांगून न्यावं? काकूकडे बघायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं. काकूचं डोकं.

मला वाटलं, रडते आहे. मी मान वळवली. तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर पसरलेले. काकू झोपली होती. गाढ. पाटी पडून दहा मिनिटं झाली नसतील.

गजेंद्रनं वाकून पाहिलं. त्याचा विश्वास बसेना. "झोपली?" त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं. मी मान हलवली. मग तो सिनेमा बघायचं सोडून आईकडेच बघत बसला.

मध्यंतराला दिवे लागले, पोरं ओरडली, पॉपकॉर्नची पाकिटं फुटली. काकू हलली नाही. धनराजमामा समोसा घेऊन "गोजरे" म्हणत वाकले, तर मी त्यांच्यावर असे डोळे वटारले की ते समोशासकट मागे सरकले. माझा हात खांद्यापासून बधीर झाला होता. तो माझाच आहे की खुर्चीचा, हेही कळत नव्हतं. पुढचा सव्वा तास पडद्यावर काय चाललं ते मी पाहिलं, कारण दुसरीकडे बघायला मान हलवावी लागली असती.

सिनेमा संपला. दिवे लागले. लोक उठले. मी खुणेनं आमच्या माणसांना बाहेर जायला सांगितलं. टॉकीज जवळजवळ रिकामी झाली तेव्हा काकूची झोप चाळवली. डोळे न उघडता, डोकं माझ्या खांद्यावरच ठेवून तिनं विचारलं,

"कोनी मेलं का हो?"

आमच्या घरातल्या बाया भाचीपुतणीला 'हो' म्हणत नाहीत. तो 'हो' फक्त नवऱ्यासाठी.

"सांगा लौकर," ती झोपेतच म्हणाली. "गाडीत बसल्यावर तुमी मंग रडत बसता, अन् मले निरं अर्धंच सांगता."

मग तिनं डोळे उघडले. आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. सरळ झाली. पदर नीट केला.

"तू हाये व्हय," ती म्हणाली.

"हाव काकू."

तिनं रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. मग त्याच सपाट आवाजात बोलायला लागली. "म्या कधीच नाई पाह्यला व सिनेमा. एकबी. तीन वाजता उठेल मानूस, थंड्या अंधारात बसलं का झोपच लागे. मी ह्याईच्या खांद्यावर झोपून जाओ. थेच पाहत. गाडीत बसलं का मले सांगत, कोन मेलं, कसं मेलं. सांगता सांगता रडत. बाया पाहत डब्यातल्या, मी म्हनो, कांद्याचं पोतं हाये जवळ. मंग घरी येऊन मी सांगो, म्या पाह्यल्यावानी. हे म्हनत, माहं नाव नोको घेऊ, येवढा मोठा मानूस सिनेमात रडते म्हनतीन लोकं."

म्हणजे ते भुताचं, ते तेरवी कोण करणार हे, सगळं काकांचं होतं. इतकी वर्षं आम्ही तिला दगड म्हटलं, आणि तिनं म्हणू दिलं. मला स्वतःची शरम वाटली. अगदी साधी, तोंड लपवावं अशी शरम.

झाडणारी बाई पुढच्या रांगेपाशी आली होती. काकू उठेना.

"कसा व्हता हा?" तिनं विचारलं. "सांग नं. कोनी मेलं का?"

तेव्हा मी तिला सांगितला. पहिल्यापासून. "म्हातारा-म्हातारी हायेत काकू. निरे भांडतात. थो म्हनते चहात साखर कमी, थे म्हनते तुमाले शुगर हाये. पंख्यावरून भांडतात. मंग लेकीकडे जाले निंगतात. स्टँडवर थो पान्याची बाटली आनाले उतरते, अन् गाडी निंगून जाते. थे एकटीच फुडं जाते."

"अन् मंग?"

"मंग थे फुडच्या गावाले उतरते. रातभर स्टँडवर बसून राह्यते. सकाळी थो दुसऱ्या गाडीनं येते. बाटली हातातच असते त्याच्या. थे पयले त्याले शिव्या देते. मंग दोघं घरी येतात. संपला."

काकू माझ्याकडे बघत होती.

"दोघंई?"

"हाव काकू," मी म्हटलं. "दोघंई."

मग काकूनं नव्या साडीचा पदर तोंडात कोंबला, आणि ती रडायला लागली. झाडणाऱ्या बाईनं झाडू खाली ठेवला आणि आमची रांग सोडून ती पुढे गेली.